वैजूमावशी आणि कॅप्टन पेंडरी

माझी वैजयंतीमावशी वॉटफर्डला राहायची आणि लंडनच्या एका कॉलेजात दर्यावर्दींच्या मोहिमांचा इतिहास शिकवायची. उत्तर ध्रुवाकडे कोण कधी गेलं, कोणाचं जहाज कुठे अडकलं, हे तिला घरच्यांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ होतं. स्वतः मात्र ती कधी बोटीवर पाऊल ठेवत नसे. एकदा आयल ऑफ वाइट बेटावर जाणाऱ्या छोट्या फेरीबोटीतसुद्धा तिला उलट्या झाल्या होत्या, तेव्हापासून. तिचे यजमान, अतुलकाका, चिडवायचे, "हिची सगळी जहाजं लायब्ररीतच तरंगतात."

तिचं पहिलं पुस्तक गाजलं ते कॅप्टन पेंडरीमुळे. दीडशे वर्षांपूर्वी हा पेंडरी ग्रीनलंडच्या पलीकडे निघाला आणि अर्ध्यातून परत आला. तो घाबरला, एवढंच कारण, असं मावशीने ठामपणे लिहिलं होतं.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात तिचं लंडनला भाषण होतं. ते संपल्यावर काठी टेकत एक म्हातारी पुढे आली.

"मी मिस पेंडरी. उत्तरेकडच्या हल शहरातून आलेय. कॅप्टन माझे पणजोबा."

मावशीला वाटलं, आता भांडण. पण बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्ही तिकडे कधी गेलायत?"

"नाही."

"जमलं तर एकदा जाऊन या." एवढंच बोलून त्या ट्रेन पकडायला निघून गेल्या.

 महिनाभराने एक दिवस जेवताना मावशी म्हणाली, "अहो, ग्रीनलंडचं बुकिंग करा."

काका घास हातात धरून बघतच राहिले. "तू? बोटीने?"

पुढच्या उन्हाळ्यात दोघं गेली. आलेपाक आणि गोळ्या घेऊनही मावशीने पहिले काही दिवस केबिनमध्ये आडवं पडून काढले. मग धुकं आलं आणि धुक्यातून बर्फ. जहाजाच्या अंगाला बर्फ घासल्याचा करकर आवाज तिला पायाखाली जाणवत होता. कप्तानाने स्पीकरवरून सांगितलं, की पुढे जाणं सेफ नाही, आपण वळतोय. बाकीचे प्रवासी पैशांवरून कुरकुरायला लागले. मावशीने काकांचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "बरं झालं हो, वळला." मग एकदम रडायला लागली. पेंडरीचं जहाज तर लाकडी होतं, आणि त्याला पुढचं काही सांगणारं यंत्रही नव्हतं.

घरी आल्यावर तिने नवं पुस्तक लिहायला घेतलं, वेळीच माघारी फिरलेल्या कप्तानांवर. 'पेंडरीबद्दल मी चुकले' हे पहिल्याच प्रकरणात लिहिलं. प्रकाशक म्हणाला, कशाला स्वतःचंच हसं करून घेता? तिने ऐकलं नाही.

दोन हजार सातमध्ये ते पुस्तक घेऊन ती हलला गेली. मी ड्राइव्ह करत होते. मिस पेंडरींनी चष्मा लावून ते प्रकरण आमच्यासमोरच वाचलं. आम्ही दोघी शाळेतल्या मुलींसारख्या बसून होतो.

"पणजोबा परत आले," त्या शेवटी म्हणाल्या, "त्यानंतर माझे आजोबा जन्मले. आमच्या घरी पणजोबा भित्रे कधीच नव्हते." आणि चहा ठेवायला उठल्या.

मग दोघींचं चांगलंच जमलं. दर रविवारी फोन. पुढच्या वर्षी मिस पेंडरी वारल्या, तेव्हा त्यांच्या पुतण्याने मावशीला बोलावून घेतलं आणि चर्चमध्ये घरच्या माणसांबरोबर पुढच्या रांगेत बसवलं.