इलेक्ट्रॉनांचा दसरा

“मॅडम, दसऱ्याला चार दिवस रजा पाहिजे,” बिरू म्हणाला. मी मान वर न करताच नाही म्हटलं. आमच्या शिरवळच्या कंट्रोल रूममध्ये दसऱ्याची रजा मागणं म्हणजे ऐन लगीनसराईत आचाऱ्यानं सुट्टी मागणं.

बिरू हटेना. तो जतकडचा, धनगर घरातला. बिरोबापुढं वाजणारा वडिलांचा ढोल यंदा दसऱ्याला त्याच्या गळ्यात येणार होता. “मी न्हाई गेलो तर चुलतभावाकडं जाईल. मग जलमभर नुसतं बघत बसायचं, मॅडम.” मला वाईट वाटलं. पण नियम होता.

नियमाला कारणही होतं. आम्ही एक उपग्रह सांभाळतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पट्टे आहेत, रेडिएशन बेल्ट. त्यांत प्रचंड वेगाचे इलेक्ट्रॉन अडकलेले असतात. दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमारास, म्हणजे मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, सूर्याकडून येणारा वारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला जास्त छळतो आणि हे इलेक्ट्रॉन वाढतात. ते उपग्रहात घुसतात, वायरींच्या वेष्टनात साठतात, मग ठिणगी पडते. उपग्रहाला वाटतं, खालून कुणीतरी कमांड दिली.

मी हे समजावल्यावर आमचे साहेब एचआरला म्हणाले होते, “पाडवा आणि दसऱ्याच्या आसपास रजा बंद, असं लिहा. सगळ्यांच्या लक्षात राहील.” राहिलंही.

त्यामुळे गणपतीला अर्धी रूम बिनधास्त गावी गेली. बिरू मात्र दसऱ्याच्या आशेवर रजा राखून बसला होता. विसर्जनाच्या आधी इलेक्ट्रॉनांचा ग्राफ चढू लागला. तिसऱ्या दिवशी उपग्रहानं कुणी न सांगता एक ट्रान्समीटर बंद केला. बिरूनं तो शांतपणे पुन्हा चालू केला. मी चक्रावले. दसरा तर महिनाभर लांब होता.

भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि डोक्यात उजेड पडला. मी लगेच साहेबांना फोन लावला.

“सर, बिरूला दसऱ्याची रजा देतेय.”

“अहो, इलेक्ट्रॉन दसऱ्यालाच वाढतात ना?”

“यंदा अधिक महिना आहे, सर. सण पुढं गेले. सूर्याला अधिक महिना नसतो.”

पलीकडं कॅलेंडरची पानं फडफडली. मग, “बरं, बघा तुम्ही.” आमच्याकडं याला मंजुरी म्हणतात.

यंदा दसऱ्यापर्यंत इलेक्ट्रॉनांचा जोर ओसरणार होता, पण हमी कुणीच देत नाही. म्हणून दसऱ्याला बिरूच्या खुर्चीत मीच बसले. ग्राफ गुमान होता. दुपारी फोन आला. मागं ढोल दणाणत होता आणि बोलत होते बिरूचे वडील.

“आवं बाई, तुमचं ते कण आलं का?”

“गणपतीलाच येऊन गेले.”

“मग ह्यो आनि दोन दिस ऱ्हाऊ दे की. लय झ्याक वाजवतोय.”

राहू दिला. मला खरंच फार बरं वाटलं.

आता नियमात सरळ मार्च-सप्टेंबर लिहिलंय, तरी सगळ्यांच्या तोंडी अजून दसराच आहे. नियम सोपा केला की सगळ्यांच्या लक्षात राहतो. चुकीचा असला तरी.