चहा न घेता गेलेली बाई

भूत, भानामती, चकवा… असल्या कशावर माझा काडीचाही विश्वास नाही. नर्स होते हो मी! लोकांच्या अंगात आलेलं थर्मामीटर लावून उतरवलंय.

साठ-एकसष्टची गोष्ट. अकोटजवळच्या एका खेड्यात मी घरोघर फिरायचे. पार्बताबाईंकडे जरा जास्तच. त्यांच्या सुनेची, शेवंताची, आधीची दोन्ही बाळं आठवड्याच्या आतच धनुर्वातानं गेली होती… नाळ विळ्यानं कापायची त्या घरची रीत. मी कोरं ब्लेड देऊन ठेवलेलं. दर वेळी चहा पीत पीत गोडीगुलाबीनं सांगायचे – ब्लेड उकळा, दोरा उकळा, हात साबणानं धुवा. पार्बताबाई "हो बाई" म्हणायच्या आणि विळा पुन्हा कुडात खोचायच्या. चहाला मी कधी नाही म्हणत नाही, हे गावभर ठाऊक होतं.

शेवंताचे दिवस भरले आणि नेमकी अकोल्याला मीटिंग निघाली. परतताना भर दुपारी एसटी बंद पडली. कडुलिंबाखाली बसून माझा नुसता जीव वरखाली! मनातल्या मनात पार्बताबाईंना काय काय बोलले… तोंडावर बोलायची कधी हिंमत झाली नव्हती.

उन्हं कलल्यावर गावात पोचले, ती धावतच त्यांच्या घरी. आतून बाळाचं रडणं! कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर पाणी अजून उकळत होतं, शेजारी ते ब्लेड. विळा अंगणात पडलेला.

"हे सगळं कोणी सांगितलं?"

"आता काय म्हनता बाई! दुपारी तुमीच तं आल्या," पार्बताबाई म्हणाल्या. "इळा तुमीच फेकला. मले म्हनलं, हेबी लेकरू मारता काय?"

"अहो, मी रस्त्यात अडकले होते!"

"मंग कोन व्हतं ते? मी चहा मांडून राहिली होती, तिकडं पाह्यलंबी नाई तुमी. तवाच भेव वाटलं मले. म्हनलं, बाईनं चहा सोडला म्हंजे गोष्ट लय मोठी हाये!"

शेवंता बाजेवर पडल्या पडल्या हसत होती.

कंडक्टरला मी नंतर विचारलं. मी झाडाखालून हललेच नव्हते म्हणे. आठव्या दिवशी पोर छान दूध ओढत होतं. ते बघून पार्बताबाई आणि मी, दोघीही रडलो.

ती कोण होती, ते आजही मला कळलेलं नाही. पण मी नव्हते, एवढं नक्की… मी असते तर चहा पीत बसले असते, आणि विळा कुडातच राहिला असता.