बापटकाका आणि उत्तरेकडची माणसं

नवी ओळख झाली की बापटकाका नाव विचारायच्या आधी म्हणायचे, "तुमची माणसं स्वतःला काय म्हणवतात? शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव नको, घरचं सांगा." मूळचे साताऱ्याचे, जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमध्ये मोटारींच्या ब्रेकवर आयुष्य काढलेले इंजिनिअर. थंडीतल्या चाचण्यांसाठी ते दर वर्षी स्वीडनच्या उत्तरेला जात आणि येताना शब्द घेऊन येत.

तिकडचे मूळ रहिवासी म्हणजे सामी लोक. काकांच्या पथकातली एल्ले त्यांच्यापैकीच. एकदा कँटीनमध्ये कुणीतरी तिची ओळख 'लाप्पे' अशी करून दिली. हा जुना जर्मन शब्द सामींना हिणकस वाटतो. एल्ले कॉफी तशीच ठेवून उठली आणि त्यानंतर कुठल्याच समारंभाला गेली नाही. आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला मात्र तिनं यावं, हा काकांनी ध्यास घेतला. शेवटी ती हो म्हणाली.

मंडळाची कामं माझ्याकडे. 'पाहुण्यांची ओळख : दोन मिनिटं', असं मी काकांना बजावलं.

"सुनीताबाई, एक शब्द चुकला तर ती पुन्हा उठून जाईल. दोन मिनिटांत कसं भागेल?"

भागलं नाहीच. "स्वीडिशमध्ये सामे, फिनिशमध्ये सामेलाइनेन, रशियनमध्ये साआम. त्यांच्या स्वतःच्या भाषेत माणूस सापमेलाश, भाषा सामेगिएल्ला..." गुळपोळ्या गार होत होत्या. काकू अख्ख्या सभागृहाला ऐकू येईल असं कुजबुजल्या, "अहो, पोरं पेंगायला लागली!"

एल्ले हसत होती. तिनं जर्मनमध्ये विचारलं, "आणि तुमच्या दक्षिणेकडच्या लोकांना तुम्ही काय म्हणता?"

काकूंनी ताडकन सांगून टाकलं, "मद्रासी!"

मागे काकांच्या खालच्या मजल्यावरचे थॉमस खुर्च्या लावत होते. केरळचे, पण पुण्यात नोकरी केलेले, त्यामुळे मराठी चोख. काका त्यांना वर्षानुवर्षं 'आमचे मद्रासी' म्हणत आलेले.

"गेनाऊ, अगदी बरोबर!" थॉमस म्हणाले. "आणि आमच्या घरात तुम्हाला नॉर्थ इंडियन म्हणतात."

"नॉर्थ?" काका कडाडले. "अहो, मी साताऱ्याचा!"

थॉमसनी एल्लेला सगळं समजावून सांगितलं. ती उठली, पण ती पोट धरून हसायला. मग काकांनी तिळगुळाची वाटी उचलली आणि थेट थॉमससमोर जाऊन उभे राहिले.

"घरचं नाव सांगा."

"मल्याळी."

"घ्या मल्याळीबुवा, तिळगूळ घ्या, गोड बोला."

गेल्या वर्षी काका निवृत्त होऊन साताऱ्याला परतले. स्टेशनवर थॉमसनीच बॅगा चढवल्या. "पोचलात की फोन करा, सातारकर." दार मिटता मिटता काका म्हणाले, "आमच्या जागी कोण येतंय, त्यांना आधी घरचं नाव विचारा हं!"

आलं दक्षिण जर्मनीतल्या म्युनिकचं एक जोडपं. थॉमसनी जिन्यातच विचारलं, "तुम्ही जर्मन ना?"

"जर्मन?" नवे गृहस्थ कडाडले. "आम्ही बव्हेरियन!"

मी लगेच साताऱ्याला फोन लावला.