बर्फाच्या तयारीचे फोटो

'झालं' या शब्दावर माझा विश्वास नाही. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत तेव्हा मी नोकरीला होते. वीज गेली, सर्व्हर बसले किंवा इमारतीत शिरताच आलं नाही, तर काम कसं चालू ठेवायचं, याची तालीम घेणं हे माझं काम. जनरेटर तपासला का, असं विचारलं की लोक बिनदिक्कत 'झालं' म्हणतात. फोटो मागितला की मग किल्ली शोधायला धावतात. आई मला शंकासुर म्हणायची. मला त्याचं वाईट वाटत नसे, कारण पगार शंकासुरालाच मिळत होता.

त्या वर्षी आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे सेम्बावांगला राहायला आली होती. जानेवारीत बातम्यांमध्ये दाखवलं की अमेरिकेच्या उत्तरेला मोठं हिमवादळ येतंय, तारांवर बर्फ साचून दोन-चार दिवस वीज जाऊ शकते. त्याच भागातल्या एका लहान गावात माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा राहत होते. मी लगेच तिला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

आई पंख्याखाली बसून वाटाणे सोलत होती. भारनियमनाच्या काळात रोज आठ-आठ तास अंधारात काढलेली बाई ती. "त्यात काय एवढं? पाणी भरून ठेव, दशम्या करून ठेव, मेणबत्त्या हाताशी असू देत," म्हणाली. मग जरा थांबून, "आणि एकटीने जड काही उचलू नकोस."

एकटीने कशाला उचलेल? घरात सहा फुटी नवरा आहे ना, असं माझ्या मनात आलं. पण माझी सात वर्षांची मुलगी मध्येच तिच्या इथल्या शाळकरी इंग्रजीत बोलली, "आजी, हिअर नेव्हर ब्लॅकआउट, लाह," आणि आई तिला भारनियमन म्हणजे काय ते समजावत बसली. तो विषय तिथेच राहिला.

वादळाला पाच दिवस होते. मी ऑफिसात करते तशी यादी केली. काय, किती, कुठे ठेवलं, कोणी तपासलं. आईने त्यात शेगडी घालायला लावली. कोळसे फुलले की खोली कशी छान तापते, म्हणाली. मीही विचार न करता लिहिलं, 'शेगडी एक, कोळसे पाच किलो'. यादी पाठवल्यावर बहिणीचा फोन आला. "ताई, खिडक्या-दारं बंद घरात कोळसे पेटवले तर आम्ही झोपेतच संपू. इथे दर वर्षी लोक जातात असे." इतक्या वर्षांच्या माझ्या अनुभवाची फजितीच झाली. मग तिने सांगितलं की नळ थोडा टपटपता ठेवायचा, नाहीतर आत पाणी गोठून पाइप फुटतो. त्यावर आईचा जीव खालीवर झाला. टपटपत्या नळावाटे घरातली लक्ष्मी वाहून जाते, हे तिने आम्हाला लहानपणापासून बजावलेलं. दिवसभर ती स्वतःशीच पुटपुटत होती आणि आमच्या बाथरूमचा नळ पुनःपुन्हा घट्ट करत होती.

दोन दिवसांनी बहीण म्हणाली, "झालं सगळं."

मी फोटो मागितले.

"ताई, तू ऑडिट करणार आहेस का माझं?" ती हसली. पण त्या हसण्यात काहीतरी कमी होतं. संध्याकाळपर्यंत सहा फोटो आले. पाण्याच्या बाटल्या, डबाबंद सूप, बॅटऱ्या, शेकोटीपाशी रचलेली लाकडं, दाराशी उभं केलेलं बर्फाचं फावडं, आणि स्वयंपाकघर. तयारी चोख होती. मी शाबास म्हणून कळवलं आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ते फोटो मोठे करून पाहिले. सवयच ती. लाकडांच्या शेजारी जमिनीवर स्टीलचा वाडगा होता आणि त्यात कुत्र्याचं खाणं. माझी बहीण कुत्रा दिसला की रस्ता ओलांडते. दाराशी बुटांचे दोन जोड होते, दोन्ही बायकांचे. आणि तिच्या स्वयंपाकघरात भांडी घासायच्या जागेच्या वरच खिडकी होती, हे मला पक्कं आठवत होतं. वास्तुशांतीच्या वेळी तिने त्याच खिडकीतून बाहेरचं झाड दाखवलं होतं. या फोटोत तिथे नुसती भिंत होती.

पाणी कुठेतरी मुरत होतं. दुसऱ्याच्या घराचे फोटो पाठवून ती मला फसवत होती. तयारी केलीच नाही का? की करू दिली नाही? गेल्या कित्येक महिन्यांत मेहुणा एकदाही कॅमेऱ्यासमोर आला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. दिवाळीत तो 'ऑफिसात' होता. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला तो 'गाडी धुवायला' गेला होता, नोव्हेंबरच्या थंडीत. दुपारी मीटिंगमध्ये लोक काय बोलले ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिथे संध्याकाळ असताना, मी मेहुण्यालाच फोन केला.

"तयारी कुठवर आली?" मी विचारलं.

"कसली?" तो म्हणाला. मग घाईने, "हां, वादळाची. चालू आहे ना, ताई."

"तिला दे जरा."

"ती अंघोळीला गेलीय."

मी फोन ठेवला आणि लगेच बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. तिने उचलला. ती दुकानाच्या रांगेत उभी होती. डोक्यावर लोकरीची टोपी, हातात बॅटऱ्यांचं पाकीट. निघून अर्धा तास झाला, म्हणाली. सांभाळून जा, म्हणून मी फोन ठेवला. पण माझ्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. त्याचं दुसरीकडे कुठे आहे का? ती कुणाकडे जाऊन बसते? उद्या-परवा वीज जाणार, रस्ते बंद होणार, आणि आपली बहीण नेमकी कोणत्या छपराखाली आहे, हेच आपल्याला ठाऊक नाही. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, राग येत होता. मला खोटं सांगितलं जातंय याचा.

मी आईला सगळं सांगितलं. फोटो मोठे करून दाखवले, वाडगा दाखवला, भिंत दाखवली. आईने चष्मासुद्धा घातला नाही. "जाऊ दे गं. असेल काहीतरी," म्हणाली आणि कणीक मळायला गेली. पोरीच्या घरचा नळ टपटपला तर दिवसभर हळहळणारी बाई, आणि अख्खी पोरगी भलत्याच घरात दिसते तर 'जाऊ दे'? आता मला आईचाही संशय येऊ लागला. आई रोज सकाळी सातला खाली हवा खायला जायची, हे मला माहीत होतं. पण हवा खायला जाताना वाचायचा चष्मा कशाला लागतो?

शनिवारी मला सुट्टी होती. आई लिफ्टने गेल्यावर पाच मिनिटांनी मी जिन्याने उतरले. सरळ पाळत ठेवायला उतरले, दुसरा शब्द नाही. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, वॉइड डेकच्या टोकाला, दगडी टेबलांपाशी ती पाठमोरी बसली होती. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला. पडद्यावर माझी बहीण, तिच्या शेजारी पांढऱ्या केसांची एक गोरी बाई, आणि दोघींच्या मध्ये तोंड खुपसणारा तपकिरी कुत्रा. बहिणीचा हात त्याच्या मानेवर होता.

"वरची खोली गार पडली तर खाली शेकोटीपाशी झोप," आई सांगत होती. "संकोच करू नकोस. त्या स्वतःहून म्हणाल्यात ना?"

मी पुढे होऊन उभी राहिले. बहिणीने मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. त्या बाईला काय कळलं कोण जाणे, ती कुत्र्याला घेऊन उठून गेली.

आई दचकली नाही. "बस," म्हणाली. "गणपतीतच सोडलं तिने ते घर. या बाईंकडे खोली घेऊन राहते. फोटो त्यांच्याच घराचे आहेत. तयारी खरी आहे, तेवढी काळजी करू नकोस."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?" माझा आवाज एवढा चढला की झाडू मारणारे काका थांबून बघू लागले. "चार महिने? मी कोण आहे मग?"

"तुलाच तर तिने पहिल्यांदा सांगितलं होतं," आई म्हणाली.

मला आठवेना. मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी बहीण दहा दिवस माझ्याकडे आली होती. एका संध्याकाळी आम्ही दोघी सेम्बावांगच्या समुद्राकाठी बसलो होतो. ती म्हणाली होती, ताई, भांडण झालं की तो मला अंगणात काढतो आणि आतून कडी लावतो. बर्फ असला तरी. मी घाबरले नाही, तिला जवळ घेतलं नाही. मी विचारलं, किती वेळ? असं कितीदा झालंय? तू आधी काय बोलली होतीस? त्याचं म्हणणं काय आहे? एका बाजूचं ऐकून मत बनवू नये, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. तिने पायात चपला सरकवल्या आणि ती म्हणाली, जाऊ दे, भूक लागलीय. आम्ही हॉकर सेंटरला जाऊन नूडल्स खाल्ल्या. त्यानंतर आणखी एक अख्खा हिवाळा ती त्याच घरात राहिली. मी इथे तालमी घेत होते, वीज गेली तर काय करायचं याच्या.

फोनमध्ये ती अजून माझ्याकडे बघत होती. मागे काचेबाहेर बर्फ पडायला लागला होता. आईने फोन उचलून माझ्या हातात दिला.

"ताई," ती घाईघाईने म्हणाली, "या वेळी मी सगळं लिहून ठेवलंय. तारखा आहेत, वेळा आहेत. थंडीने सुजलेल्या हाताचे फोटोही आहेत. पाठवू का तुला?"

मला 'नको, तू सांगतेस तेवढं पुरे' म्हणायचं होतं, आणि ते म्हणायला मला फार वेळ लागला.