शक्तीच्या गोळ्या

हे मी बायकोलाही सांगितलं नाही, आणि आता ती राहिली नाही. तुम्ही माझे कोणी लागत नाही — म्हणूनच कदाचित तुमच्यापाशी बोलता येईल.

आमचं घर कशेळ्याजवळ. थोरला भाऊ साजगावला कारखान्यात, सुट्टीला घरी यायचा. त्याची बायको, माझी वहिनी, माहेरची कोंडाण्याची. पहिली मुलगी झाली आणि वहिनीची झोप उडाली. नुसती झोप असती तर... पण तिच्या छातीत धडधडायचं. भर दुपारी तांदूळ निवडता निवडता हात थांबायचे आणि ती दाराकडे बघत राहायची. दारात कोणी नसायचं. हळूहळू आम्हीही दाराकडे बघायला लागलो.

एसटीने मी तिला कर्जतला डॉक्टरांकडे नेलं. ती बाहेर बाकावर बसली. मी मॅट्रिक झालेला, म्हणून डॉक्टर माझ्याशी बोलले. म्हणाले, मेंदूत रसायनं असतात. काही माणसाला सावध ठेवतात, काही शांत करतात. हिचा तो तोल बिघडलाय. भीतीने झोप मोडते, झोप मोडली की भीती वाढते. हे वेड नव्हे, बाहेरचंही काही नव्हे. गोळ्या दिल्या आणि बजावलं — एकदम बंद करायच्या नाहीत, मी सांगेन तशा कमी करायच्या.

मला सगळं समजलं होतं. समजलं नव्हतं, असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

घरी काय सांगितलं? डॉक्टरांना काही सापडलं नाही. गोळ्या वहिनीच्या हातात गुपचूप दिल्या — शक्तीच्या आहेत, कोणाला दाखवू नका. का? माझं लग्न जमत होतं. आणि दुसऱ्या एका घराबद्दल आई बोलली होती ते कानात होतं — "बाधा उतरती रं. डोकं फिरलेलं घरान्याला चिकटतं. तितं पोरगी कोन देनार?"

वहिनी झोपू लागली. मला चिडवू लागली. "भाऊजी, नवरी आली का माज्या हातचं कालवन गोड लागायचं नाय तुमाला!"

मग मुलीकडची माणसं आमचं घर बघायला येणार, असं ठरलं. त्यांच्यातला एक जण दवाखान्यात कामाला होता. गोळ्या त्याच्या नजरेस पडल्या तर? मी वहिनीच्या पेटीतून त्या काढल्या आणि पेज नदीत टाकल्या. सगळ्या. तिला म्हणालो, आता गरज नाही.

पाहुणे येऊन गेले, पसंती झाली. पण वहिनीची धडधड परत आली होती — आधीपेक्षा वाईट. हात थरथरायचे, ताटली वाजली तरी ती किंचाळायची. आईने भगताला बोलावलं. अंगणात मिरच्यांची धुरी केली, भावाने तिचे खांदे धरले. खोकता खोकता तिने मला हाक मारली. "भाऊजी, त्या गोळ्या द्या ना. त्यांनीच बरं वाटत व्हतं. सांगा ना यांना!"

सगळे माझ्याकडे वळले. भाऊसुद्धा. त्याच्या चेहऱ्यावर आशा होती — हो, आशाच होती ती.

मी म्हणालो, "कसल्या गोळ्या, वहिनी?"

भगत हसला. "ऐकलंत? ही नाय बोलत. आतली बोलते."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. आणि त्यानंतर ती काही बोललीच नाही. धुरीत तोंड धरलं तेव्हाही नाही.

भावाने तिला कोंडाण्याला नेऊन सोडलं. मुलगी आमच्याकडे ठेवली — झपाटलेल्या बाईच्या मांडीवर लेकरू कसं द्यायचं? त्याच वैशाखात माझं लग्न झालं. भाऊ एकदा तिला परत आणायचं म्हणाला होता. मी गप्प राहिलो, आणि आईने विषय मिटवला.

मुलगी मोठी झाली. तिचं लग्न ठरवायला मीच बसलो. मुलाकडच्यांनी आईचं विचारलं. वारली, म्हणालो. मुलगी आत पोहे परतत होती. तिलाही आम्ही लहानपणापासून तेच सांगितलं होतं.

वहिनी तेव्हा कोंडाण्याला बापाच्या शेतात भात लावत होती.