एका परवान्यावर दोन नावं

आईचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, अरबी समुद्रातल्या एका लहानशा बेटावर हवामान खात्यात नोकरीला होता. आजी-आजोबा गेल्यावर माहेर म्हणून आईला तो एकटाच उरला होता, आणि सहा वर्षांत त्यांची गाठभेट नव्हती. मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आईनं बाबांना सांगितलं, "या उन्हाळ्यात मला त्याच्याकडे जायचंय." आईनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

बाबा बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात प्लॅनिंगला होते. घरातही त्यांचं डोकं तसंच चालायचं. बसवनगुडीतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी ड्रॉइंगचा मोठा कागद टाचला. कालिकतपर्यंत रेल्वे, तिथून बोट. बोट मेच्या मध्यापर्यंतच, कारण मग समुद्र खवळतो आणि सप्टेंबरपर्यंत बेटाकडे कोणी फिरकत नाही. बेटावर नारळ आणि मासे सोडून काही मिळत नाही असं मामानं कळवलं होतं. बाबांनी मेतकूट, भाजणी आणि पापडांनासुद्धा क्रमांक दिले. आई ते सगळं मुकाट्यानं करत होती आणि भाजणीचा वास शेजारच्या अक्कांच्या घरापर्यंत जात होता. "समुद्र बघायला निघालात की लग्नाला?" असं अक्कांनी विचारलंसुद्धा.

बेटावर जायला परवाना लागायचा. आम्ही इथून अर्ज करायचा आणि तिथल्या माणसानं "हे माझे नातेवाईक" असं लिहून द्यायचं. बाबांनी अर्ज तीनदा तपासला. मार्चमध्ये तो परत आला. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की, बेटावरच्या गृहस्थांनी बहीण म्हणून जिचं नाव दिलंय ती बाई तुमच्या अर्जात नाही, आणि तुमच्या अर्जातली बाई त्यांची कोण हे कळत नाही.

मला काहीच उलगडेना. बाबा मात्र कपाळाला हात लावून बसले. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं आईचं नवीन नाव लिहिलं ते त्यांनीच. मामानं बेटावर बसून तिचं जुनं, माहेरचं नाव लिहिलं होतं. पत्रात तो तिला 'ताई' लिहायचा, त्यामुळे ते नाव आमच्या घरात कधी आलंच नव्हतं. सोळा वर्षांची होईपर्यंत मला आईचं पहिलं नाव ठाऊक नव्हतं, आणि विचारावंसं वाटलं नव्हतं याची मला अजून लाज वाटते.

"त्याला एवढं कळू नये?" बाबा चिडून म्हणाले.

"त्यानं त्याच्या बहिणीचं नाव लिहिलं," आई म्हणाली. "दुसरं काय लिहिणार?"

मग प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. कचेरीतल्या कारकुनानं कागदावरची दोन नावं वाचली, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "इन्नोब्बरु एल्ली?" दुसरी बाई कुठे आहे? बाबा त्याला कन्नडमध्ये समजावत बसले. "सरी, सरी," करत त्यानं दोन्ही नावांनी सह्या करायला सांगितल्या. सासरच्या नावाची सही आईनं एकेक अक्षर लावून केली. तिच्यावर सही करायची वेळ येत होती कुठे? माहेरच्या नावाची मात्र तिनं एका झटक्यात केली, खाली रेघ ओढून. शाळेत तशीच करत असणार.

परवाना आला तोवर बाबांच्या मंजूर रजेची तारीख उलटून गेली होती. दुसरी रजा मिळेना. बाबांच्या डब्यासाठी मी मागे राहायचं हे परस्पर ठरलं. मी आदळआपट केली, दोन दिवस जेवले नाही, पण उपयोग झाला नाही. आई ट्रंक आणि भाजणीचे डबे घेऊन एकटीच गेली. पंधरा दिवस राहून शेवटच्या बोटीनं परतायचं, असं भिंतीवरच्या कागदावर सुधारून लिहिलं गेलं.

ठरलेल्या सकाळी आम्ही दोघं स्टेशनवर गेलो. गाडी आली, रिकामी झाली, आई उतरली नाही. बाबा दोनदा सगळे डबे पाहून आले. घरी येऊन त्यांनी भिंतीवरच्या कागदावरची तारीख पुन्हा तपासली. मला भलतेसलते विचार येत होते.

तिसऱ्या दिवशी तिचं पत्र आलं. ज्या बोटीनं ती यायची होती त्याच बोटीनं तिनं ते पाठवलं होतं. 'मी पाऊस संपल्यावर पहिल्या बोटीनं येते. आजारी वगैरे कोणी नाही, काळजी नसावी. मला इथे राहावंसं वाटतंय.'

बाबांनी पत्र माझ्या हातात दिलं. "चार महिने," ते म्हणाले. "का, ते लिहिलंच नाही."

मी पत्र पुन्हा वाचलं. लिहिलं होतं की! पण ते मी बाबांना दाखवून दिलं नाही. मलाच तेव्हा रडू येत होतं, कारण तिला आमच्याविना राहावंसं वाटू शकतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.