काकूंची हाक ऐकू येणारा हेडफोन

उल्हासनगरला कॅम्प एकच्या बाजारात, गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात मी सबनीसकाकांना “अहो!” अशी हाक मारली. मारली ती मारली, वर पुन्हा मारली. काका कानांवर भलामोठा हेडफोन चढवून माझ्याकडे पाठ करून उभे आणि मी मागून कण्हल्यासारख्या बारीक आवाजात “अहो... अहो...” करतेय. माझं लग्न होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, काका साठीला टेकलेले. बायका वळून बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अजून हळू,” काका हेडफोन काढून म्हणाले. “तू फार खणखणीत ओरडतेस. तिची हाक एवढी मोठी नसते.”

“काका, लोक काय म्हणत असतील!”

“म्हणू देत. त्यांच्या घरी कोण आजारी आहे?”

सबनीसकाका अंबरनाथला आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायचे. आमच्यात एकच भिंत. फॅक्टरीत तपासणी खात्यात अधिकारी होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या मालातली खोट शोधायची, हाच जन्मभराचा उद्योग. निवृत्त झाले, पण खातं सुटलं नाही. कुलूप लावलं की ओढून बघायचे, जिना उतरायचे आणि परत वर येऊन पुन्हा ओढून बघायचे. “गृहीत धरलं की घात झाला,” हे त्यांचं पालुपद. मी एकदा तोंडावर म्हटलं, “काका, श्वास तरी न तपासता घेता का हो?” रागावले नाहीत. म्हणाले, “घरात एक काळजी करणारा लागतो गं. तो नसला की सगळ्यांना थोडी थोडी करावी लागते.”

या माणसाला मोकळं व्हायची एकच जागा होती, ती म्हणजे गाणं. दुपारचा चहा झाला की टेपरेकॉर्डरवर शास्त्रीय गाण्याची कॅसेट लावायचे, आणि तेवढा वेळ कपाळावरची आठी कुठे जायची कोण जाणे. विमलकाकू आत भाजी निवडता निवडता मान हलवायच्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण भिंतीपलीकडून ते ऐकू आलं की चार वाजले असं मी समजायचे.

मग काकूंना मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण दोन भोग मागे राहिले. एक म्हणजे आवाज सोसेना. नुसती वाटी पडली तरी कळ मस्तकात जायची. दुसरं म्हणजे अधूनमधून फिट यायची. येण्याआधी काकूंना क्षणभर कळायचं, तेवढ्यात त्या “अहो” म्हणायच्या, आणि काकांनी धावत जाऊन त्यांना कुशीवर वळवायचं. कुशीवर वळवायला उशीर झाला तर बरंवाईट होऊ शकतं, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं. सगळं घर त्या एका हाकेवर टांगलेलं होतं.

काकांनी टेपरेकॉर्डर कपाटात ठेवून दिला. दुपारी चार वाजता भिंतीपलीकडे चिडीचूप. काकूंनाच ते सहन होईना. मला जवळ बसवून म्हणाल्या, “ह्यांचं गाणं माझ्यापायी बंद पडलं बघ. गॅसवर दूध ठेवल्यासारखे दिवसभर माझ्याकडे बघत बसतात गं! त्यांना कानाला लावायचं काहीतरी आणून दे, नाहीतर माझ्याआधी तेच आजारी पडतील.”

आमच्याकडे माझ्या ह्यांचा वॉकमन होता, स्पंजच्या चकत्या असलेला. तो नेऊन दिला. काकांनी खुर्ची कॉटपासून चांगली लांब, दाराशी नेली, आवाज अगदी बारीक केला. दोन मिनिटांत काकू विव्हळल्या, “अहो, खोलीत डास शिरलाय का? कानाशी गुणगुणतोय नुसता.” त्या स्पंजमधून गाणं गळत होतं. काकांनी वॉकमन मुकाट्याने माझ्या हातात परत दिला.

आमचे हे म्हणाले, “काका, बंद प्रकारचा घ्या. कान पूर्ण झाकणारा. आतला आवाज बाहेर जात नाही.”

“आणि बाहेरचा आत येतो का?” काकांनी विचारलं.

 मेख तिथेच होती. उघडा घ्यावा तर काकूंना त्रास, बंद घ्यावा तर हाक ऐकू येणार नाही. काका आठवडाभर जेवता जेवता विचारात घास हातात धरून थांबायचे म्हणे. शेवटी एका रविवारी ह्यांना काकूंजवळ बसवलं, आणि काका मला घेऊन उल्हासनगरला निघाले. मला का? तर माझा आवाज बारीक म्हणून.

दुकानदार सिंधी होता, बोलायला गोड. त्याने एक काळा हेडफोन काढला, गुबगुबीत गाद्यांचा. “लो साईं, एकदम पॅक माल. वॉकमनला लावा, घरच्या डेकला लावा, ही जाडी पिन सोबत देतो. बाहेर बॉम्ब फुटला तरी पता नाही लागणार!”

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. “नको, नको. बॉम्ब फुटलेला कळला पाहिजे.”

“साईं, मग खुल्लावाला घ्या ना.”

“खुला नको. बंदच पाहिजे. पण ऐकू आलं पाहिजे.”

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार? मग एकेक हेडफोन डोक्यावर चढला आणि माझं “अहो” सुरू झालं. कुठला गच्च बसायचा, कुठला कान चेपायचा. लोक हेडफोन घेतात गाणं कसं लागतं ते बघून. आमचे काका ज्याच्या गाद्या नीट बसत नाहीत असा शोधत होते. अखेर एक मिळाला. करड्या रंगाचा, गाद्या जरा कडक, कानामागे बारीक फट राहायची. माझं अगदी हळू “अहो” त्यांना ऐकू आलं. “ऐकलं!” असं लहान मुलासारखं ओरडले ते. येताना रिक्षात पिशवी मांडीवर धरून बसले होते, आणि मला वाटलं, चला, सुटले बिचारे.

दुसऱ्याच दुपारी मी तांदूळ निवडत होते. भिंतीपलीकडून “अहो” ऐकू आलं. थांबून पुन्हा आलं, घोगरं. काकांचं पाऊल काही वाजलं नाही.  ताट तिथेच टाकून धावले. दार उघडंच होतं. काका खुर्चीत, डोळे मिटलेले, बोटं मांडीवर ताल धरतायत, आणि कॉटवर काकूंचं अंग ताठ झालेलं. मी काकांचा खांदा गदागदा हलवला. दोघांनी मिळून काकूंना वळवलं. थोड्या वेळाने त्यांचा श्वास नीट चालू लागला. उशीवर रक्ताचा डाग होता. जीभ चावली गेली होती.

काका रुमालाने काकूंचे ओठ पुसत होते. “दुकानात ऐकू आलं होतं, शैला. तूच होतीस ना हाक मारायला? आलं होतं ना ऐकू?”

“काका,” मला तेव्हा लख्ख उमगलं, “दुकानात तुम्ही गाणं लावलं होतं कुठे?”

 जन्मभर तपासणी केलेल्या माणसाने हेडफोन तपासला तो मुका! पिनसुद्धा कशात खुपसली नव्हती. हाक ऐकू येते का, एवढ्याच धास्तीत गाणं राहूनच गेलं. एरवी मी हसून लोळले असते. त्या दिवशी मला रडू आलं.

हेडफोन कपाटात गेला. काका खुर्ची कॉटला टेकवून बसायला लागले. काकू चिडायच्या, विनवायच्या, पण काका ढिम्म. “मला नाही गाणं आवडत आता,” म्हणाले. इतकी वाईट थाप मी आजवर ऐकलेली नाही.

पुढे लग्नसराईत जवळच्याच बुवापाड्यात कुणाच्या तरी हळदीचे कर्णे आमच्या बिल्डिंगच्या दिशेने लागले. भर दुपारपासून खिडक्या थरथरत होत्या. काकू उशीत डोकं खुपसून तळमळत होत्या. मला त्यांच्यापाशी बसवून काका आवाज कमी करायला सांगायला गेले आणि बुंदीची पुडी घेऊन परत आले. “तो म्हणाला, काका, पोरीची हलद हाय, आज तं वाजनारच. तुमी बसा, जेवूनशी जा. पाया पडला गं माझ्या. काय बोलणार?”

काकूंनी उशीतून डोकं वर काढलं. “ते तुमचं कपाटातलं द्या इकडे.”

हेडफोन त्यांच्या कानांवर चढला. वायर नुसतीच लोंबत होती. हळूहळू कपाळावरच्या शिरा उतरल्या, मुठी सुटल्या. कर्णे बोंबलतच होते, आणि काकू चक्क झोपल्या.

दुसऱ्या दिवशी चारला त्यांनी आपणहून हेडफोन लावला आणि बहिऱ्या माणसासारख्या मोठ्याने म्हणाल्या, “लावा आता गाणं! मला काही ऐकू येत नाही!” काकांनी गाद्या त्यांच्या कानांवर चापून बसवल्या, वायर कशात खुपसलेली नाही ना ते तपासलं, टेपरेकॉर्डर लांब दाराशी ठेवून अगदी हळू लावला. कानही मोकळे, डोळेही काकूंवर. पुढची चारेक वर्षं त्या घरात असंच गाणं झालं: ऐकणारा उघड्या कानांनी बसलेला, आणि हेडफोन न ऐकणारीच्या डोक्यावर.

एकदा काका औषधं आणायला गेले असताना काकू मला म्हणाल्या, “सांगू नकोस हं त्यांना. ह्यातून ऐकू येतं मला. गाद्या कुठे नीट बसतायत? पण टोकं बोथट होऊन येतं, लागत नाही. तेवढंच मला झेपतं, आणि तेवढं हवंच असतं. कळलं तर बंद करतील लगेच.” मी कुणाला बोलले नाही.

काकू गेल्या त्या झोपेतच, हाक न मारता. काका बदलापूरला मुलाकडे राहायला जाणार होते. सामान बांधायला मी गेले, तर ते हेडफोन हातात घेऊन बसलेले.

“शैला, खरं सांग. तिला ह्यातून काही ऐकू येत नव्हतं ना? मी रोज लावायचो. त्रास तर नाही ना दिला मी तिला? ती बोलली नसती, तिचा स्वभाव तुला माहीत आहे. मी पुन्हा गृहीत धरलं का गं?”

सांगू नकोस, असं काकूंनी मला बजावलं होतं. पण काकांकडे बघवेना. “ऐकू यायचं, काका,” मी म्हटलं. “थोडंसं. आवडायचं त्यांना. म्हणून तर लावायच्या.”

त्यांनी हेडफोनची वायर हळूहळू बोटांभोवती गुंडाळली.

“तरीच,” मग हळूच म्हणाले. “कॅसेटची बाजू संपली की डोळे उघडून माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, फिट येतेय. मी धावत जायचो.” त्यांचा आवाज फुटला. “ती दुसरी बाजू लावा म्हणत होती गं, आणि मी तिला पाणी पाजत होतो.”